शेवटची ओळ कोणी म्हणायची

ख्रिस्ती ऐक्याचा आठवडा जानेवारीत येतो. शहरातल्या निरनिराळ्या पंथांची माणसं त्या आठवड्यात रोज संध्याकाळी एकेका चर्चमध्ये जमतात, आपण सगळे एक व्हावं म्हणून डोळे मिटून प्रार्थना करतात, आणि घरी जाताना आजचं चर्च आपल्यापेक्षा कुठे कुठे कमी पडलं याची उजळणी करतात. मी हे वर्षानुवर्षं बघत आले आहे. उजळणीत माझाही वाटा भरपूर असतो, उगाच खोटं कशाला बोला.

मी दोन्हीकडची आहे. जन्माने पेठेतल्या दगडी चर्चची, म्हणजे प्रॉटेस्टंट, आणि लग्नाने कॅम्पातल्या उंच मनोऱ्याच्या चर्चची, म्हणजे कॅथलिक. एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे, असं आमचं लग्न झाल्यापासून चालू आहे. त्यामुळे कुठे गुडघे टेकायचे आणि कुठे नुसती मान खाली घालायची, हे मला झोपेतही कळतं. बाकीच्यांची मात्र ऐक्याच्या आठवड्यात फार तारांबळ होते. कॅथलिक चर्चमध्ये सगळे उठले की आमची पेठेतली मंडळी अर्धी उठतात, आजूबाजूला बघतात, आणि नीट उभी राहीपर्यंत बाकीचे खाली बसलेले असतात. मल्याळी मंडळींच्या चर्चमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात. तिथे आमच्या बायकांचं अर्धं लक्ष प्रार्थनेत आणि अर्धं नव्या चपलेत. एका चर्चमध्ये सगळे एकाच वेळी मोठ्याने, आपापल्या शब्दांत प्रार्थना करतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, भांडण लागलं. आता सवय झाली आहे. एकदा तर मीही त्या गलक्यात शेजारणीबद्दलची माझी तक्रार मोठ्याने देवाला सांगून टाकली. शेजारीण तिथेच होती, पण तिला ऐकू जायचं काही कारण नव्हतं.

आणि ऐक्याचा खरा निकाल लागतो तो चहाच्या टेबलावर. कोणाचा केक, कोणाचे समोसे, कोणी कागदी कपात अर्धाच चहा दिला, हे सगळं वर्षभर लक्षात ठेवलं जातं. प्रवचन कोणी केलं ते विचारा, कोणालाही आठवत नाही.

या सगळ्यात माझे वडील पहिल्या दिवसापासून हजर असतात. आई गेल्यानंतर पप्पा आमच्याकडे राहायला आले. वय ऐंशीच्या पुढे, हातात काठी, डोक्यावर लोकरीची टोपी आणि जिभेला धार. उभा जन्म त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवला. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून लग्नाची पत्रिका आली की ते आधी खिशातलं पेन काढतात. चुका दुरुस्त करतात आणि मगच लग्न कोणाचं आहे ते बघतात. हॉटेलचं मेन्यूकार्ड त्यांच्या हाती दिलं की आम्ही उपाशी राहतो.

जावयाशी त्यांचं उत्तम जमतं. सकाळचा चहा माझा नवराच करतो, कारण माझा चहा म्हणजे पप्पांच्या मते गरम पाण्याचा गैरवापर. दोघं मिळून शब्दकोडं सोडवतात. माझ्या नवऱ्याचं गाव वसईकडचं. तिकडचा एखादा शब्द त्याने वापरला की पप्पा तो दोनदा म्हणून बघतात आणि बरा आहे म्हणतात. जावयाच्या घरात राहतात, त्याच्या हातचं खातात, तो सर्दीने आजारी पडला तर स्वतः काढा करून देतात. पण त्याच्या चर्चमध्ये पाऊल टाकत नाहीत.

याला कारण आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा, तीसेक वर्षांपूर्वी, तिथल्या तेव्हाच्या फादरांना भेटायला पप्पा मला घेऊन गेले होते. फादर वयस्कर होते, तिरसट होते, आणि आता देवाघरी आहेत, त्यामुळे जास्त बोलत नाही. त्यांनी पप्पांना विचारलं, "मुलीचा बाप्तिस्मा झालाय का? म्हणजे, नीट?"

एवढंच. पण त्या 'नीट'वर पप्पा उठले. त्यांच्या मुलीला त्यांच्या पाळकांनी, त्यांच्या बापजाद्यांच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा दिला होता, आणि इथे कोणीतरी तो तपासायला मागत होतं. ते म्हणाले, "नीट म्हणजे कसा, ते आम्हाला माहीत नाही. आम्ही आपला देवाच्या नावाने दिला." आणि बाहेर पडले. लग्न त्यांनी मोडलं नाही. खर्च केला, पाहुणे बोलावले, मला फाटकापर्यंत स्वतः आणलं. तिथे माझा हात काकांच्या हातात दिला आणि फाटकाबाहेर, झाडाखाली मांडववाल्याच्या खुर्चीत जाऊन बसले. मी मागे वळून बघितलं तर ते घड्याळाला किल्ली देत होते.

तेव्हापासून तोच शिरस्ता. नातीच्या बाप्तिस्म्याला आले, फाटकापर्यंत. तिच्या पहिल्या प्रभुभोजनाला आले, फाटकापर्यंत. नंतर हॉलमध्ये जेवायला मात्र येतात, कारण हॉलला वेगळं दार आहे आणि पप्पांच्या म्हणण्याप्रमाणे बिर्याणीला पंथ नसतो. कोणी टोकलं की म्हणतात, "दार त्यांचं आहे. फुटपाथ महापालिकेचा आहे. मी माझ्या हद्दीत आहे." तिथला वॉचमन आता त्यांना लांबून बघूनच खुर्ची काढतो. ऐक्याच्या आठवड्यातही हेच. बाकी सगळीकडे आत, पहिल्या बाकावर. कॅथलिकांची पाळी आली की फुटपाथ.

माझी लेक आता मोठी झाली, हिंजवडीला नोकरी करते, आणि तिचं लग्न ठरलं. एप्रिलमध्ये, ईस्टर झाल्यावर, त्याच चर्चमध्ये. मुलगाही तिथलाच. आजोबांवर तिचा फार जीव. तिने सरळ त्यांच्यापुढे बसून सांगितलं, "आजोबा, मला आत तुम्हीच घेऊन जायचं. एका बाजूला बाबा, एका बाजूला तुम्ही."

पप्पा म्हणाले, "फाटकापर्यंत येईन."

"फाटकापर्यंत कुरिअरवालापण येतो," ती म्हणाली आणि उठून आपल्या खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. पप्पा जेवले, पण मीठ कमी आहे म्हणाले नाहीत, यावरून मी काय ते समजले.

मला राग आला होता. पप्पांचाही आणि त्या गेलेल्या फादरांचाही. माझ्या लग्नातला माझ्या शेजारचा तो रिकामा बाक मला अजून दिसतो. लोकांना वाटतं, इतक्या वर्षांत माणूस विसरतो. मी विसरलेले नाही, आणि माझ्या लेकीच्या वाट्याला तो बाक येऊ द्यायचा नाही, असं मी ठरवलं. आता पप्पांना समजावून काही होत नाही, हे मला जन्मापासून माहीत आहे. त्यांना आत आणायचं तर त्यांचं काहीतरी आत न्यायला हवं होतं.

यंदा शेवटच्या दिवसाची प्रार्थना कॅथलिक चर्चमध्ये होती. तयारीच्या समितीत मी होतेच, दोन्हीकडची असल्यामुळे मला प्रत्येक समितीत घेतात आणि चहाचं काम देतात. सभेला आमचे पाळकसाहेब होते, अत्यंत मवाळ माणूस, कोणाचं मन दुखावू नये म्हणून स्वतःचं मतसुद्धा हळूच बाळगणारे. यजमान म्हणून तिथले आताचे फादर होते. ते नगरकडचे, तरुण, हसतमुख, आणि वयस्कर फादरांची ती गोष्ट त्यांना मीच सांगून ठेवलेली. बाकी दोन-तीन मंडळी गाण्याच्या चालीवरून वाद घालायला आली होती. एकाच गाण्याची आमची चाल वेगळी, यांची वेगळी. शेवटी पहिलं कडवं या चालीत आणि दुसरं त्या चालीत म्हणायचं ठरलं. ऐक्य म्हणतात ते हेच असावं.

मग विषय निघाला प्रभूच्या प्रार्थनेचा. ही प्रार्थना सगळ्या ख्रिस्ती माणसांना पाठ असते, पण तिची शेवटची ओळ, म्हणजे राज्य, सामर्थ्य आणि गौरव हे सगळं देवाचंच अशा अर्थाची जी आहे, तिच्यापाशी आमची गाडी अडते. आम्ही प्रॉटेस्टंट ती ओळ लगेच जोडून म्हणतो. कॅथलिक वाइटापासून सोडव म्हणून थांबतात. मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या रविवारच्या उपासनेत, तेही ती ओळ म्हणतात, पण मध्ये फादर थोडं काही बोलतात, त्यानंतर. त्यामुळे दर वर्षी एकत्र प्रार्थनेत अर्धं चर्च थांबतं आणि अर्धं पुढे जातं. पुढे गेलेल्यांना वाटतं, यांना प्रार्थना येत नाही. थांबलेल्यांना वाटतं, यांना थांबता येत नाही.

पप्पांचा तर हा जुना मुद्दा. एकदा माझ्या नवऱ्याने त्यांना समजावलं होतं, "आम्ही पण म्हणतो पप्पा. फक्त मध्ये फादर दोन वाक्यं बोलतात, मग म्हणतो."

"लेखकाच्या मजकुरात संपादकाने मध्येच घुसू नये," पप्पा म्हणाले. "ओळ गळली की गळली. दोन पानांनंतर छापून काय उपयोग?"

तर सभेत फादर म्हणाले की प्रार्थना छापील कागदावर पूर्ण छापूया, शेवटच्या ओळीसकट, ज्यांना म्हणायचं ते म्हणतील. पाळकसाहेबांनी हसून मान हलवली. त्या हसण्यामागे काय शिजत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही.

कागदाचा मजकूर तयार झाला आणि मी तो घरी आणून पप्पांच्या पुढ्यात टाकला. म्हटलं, "जरा बघता का? घाईत केलाय."

त्यांनी पेन काढलं. संध्याकाळपर्यंत कागद लाल झाला होता. एका गाण्यात त्यांनी अनुस्वार घातले, फादरांच्या नावामागचं एक विशेषण उडवलं, आणि प्रभूच्या प्रार्थनेशी पोहोचल्यावर थांबले. शेवटची ओळ जागच्या जागी होती.

"ही त्यांच्याकडून आली?"

"हो."

त्यांनी ओळीखाली हळूच बोट फिरवलं. रात्री जावयाला म्हणाले, "तुमच्याकडे आता प्रूफरीडर बरा आलेला दिसतो."

मला तेवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी मी फादरांकडे गेले आणि त्यांना म्हटलं, एक उपकार करा. रविवारी तुमच्या लोकांना सांगा की त्या दिवशी शेवटच्या ओळीआधी थांबायचं नाही, ती आमच्यासारखी लगेच म्हणायची, आणि मोठ्याने म्हणायची. आणि बाहेर जो स्पीकर लावणार आहात, त्याचं तोंड जरा फाटकाकडे करा. फादरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फाटकाकडे. म्हणाले, "तुम्ही शाळेत भूगोल शिकवता ना? युद्धशास्त्र नाही?"

माझी योजना साधी होती. फाटकाबाहेर बसलेल्या पप्पांना आतून कॅथलिकांच्या तोंडून ती ओळ ऐकू यावी. मन विरघळावं. बस. आत येतील अशी अपेक्षा नव्हती, निदान पुढच्या बोलण्याला तोंड फुटेल एवढीच आशा.

त्या रविवारी पाळी कॅथलिक चर्चची होती, म्हणून मी तिथे होते. फादरांनी सांगितल्याप्रमाणे सांगितलं. आपले भाऊबंद पाहुणे म्हणून येत आहेत, त्यांच्या पद्धतीचा मान राखू, शेवटची ओळ त्यांच्याबरोबर लगेच म्हणू. लोकांनी माना डोलावल्या. मी तोंडावर रुमाल धरून समाधानाने बसले होते. पप्पांना त्या दिवशी खोकला होता, ते घरीच राहिले. त्यामुळे त्याच वेळी पेठेत आमच्या चर्चमध्ये काय चाललं होतं, ते आमच्या घरात कोणालाच कळलं नाही. तिथे आमचे मवाळ पाळकसाहेब व्यासपीठावर उभे राहून सांगत होते की आपण त्यांच्या घरी पाहुणे म्हणून जात आहोत. त्यांनी आपल्यासाठी ओळ छापली, हा त्यांचा मोठेपणा. आपण आपला मोठेपणा दाखवू. ते जिथे थांबतात तिथे आपणही थांबू. शेवटची ओळ मनात म्हणू.

पुण्यातल्या माणसाला मोठेपणात कोणी मागे टाकलेलं चालत नाही. हा हिशेब मी धरायला हवा होता.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी चर्च भरलं. पेठेतली मंडळी रिक्षा करकरून आली होती. पप्पाही आले, टोपी, मफलर, काठी. वॉचमनने खुर्ची काढली. ते बसले आणि म्हणाले, "तुम्ही जा आत. मी इथे बरा आहे." माझ्या लेकीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती सरळ आत गेली. ते तिच्या पाठीकडे बघत राहिले.

मी, नवरा आणि लेक अगदी पुढच्या बाकावर बसलो. गाणं झालं. पहिलं कडवं आमच्या चालीत, दुसरं यांच्या चालीत, आणि तिसऱ्याचं काही ठरलं नव्हतं, ते ज्याच्या त्याच्या चालीत झालं. वाचन झालं, प्रवचन झालं, कशावर ते मला आठवत नाही. मग फादर म्हणाले, आता आपण सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणू.

सगळं चर्च एका आवाजात निघालं. इतकं सुंदर मी कधी ऐकलं नव्हतं. आमचे जड आवाज, यांचे गाते आवाज, मागून मल्याळी वळणाचं मराठी, सगळं एकत्र. रोजच्या भाकरीपर्यंत आलो, क्षमेपर्यंत आलो, वाइटापासून सोडवपर्यंत आलो.

आणि आमची पेठेतली मंडळी एकदम गप्प झाली. तोंडं मिटून, माना खाली घालून, ओळ मनात म्हणू लागली.

कॅथलिक मंडळी जोरात पुढे गेली होती. पहिला शब्द दणक्यात आला, दुसरा जरा कमी, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्यासाठी म्हणतोय तेच म्हणत नाहीत. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून तेही थांबले. ते थांबलेले बघून आमच्यातल्या काहींना वाटलं की हे आपल्यासाठी म्हणत होते, आपण साथ द्यायला हवी, म्हणून त्यांनी घाईने सुरुवात केली. ते ऐकून कॅथलिकांनी पुन्हा पहिल्यापासून धरली, तेवढ्यात आमचे संकोचून परत गप्प. कोणीतरी एकट्यानेच आमेन म्हटलं. मागून एक बाई फिसकन हसली. पाळकसाहेब फादरांकडे बघत होते, फादर पाळकसाहेबांकडे, आणि दोघंही एकमेकांना हाताने "आधी तुम्ही" करत होते. मग सगळं शांत झालं. एवढ्या माणसांनी भरलेल्या चर्चमध्ये देवाची ओळ अर्धवट लटकलेली होती आणि ती खाली उतरवायला कोणी पुढे येईना.

मला हसू आवरेना आणि रडूही. माझ्या युद्धशास्त्राची अशी वाट लागली होती.

तेवढ्यात मागे, मोठ्या दारातून काठीचा आवाज आला. फरशीवर टक, टक. सगळ्यांनी वळून बघितलं. पप्पा मधल्या वाटेने येत होते. मफलर एका खांद्यावरून सुटला होता आणि चेहऱ्यावर तो राग होता जो मी लहानपणी छापखान्यात, त्यांना डबा द्यायला गेले की बघायचे, खिळे जुळवणाऱ्याने पूर्ण ओळ खाल्लेली असायची तेव्हाचा.

ते अर्ध्या वाटेवर थांबले. आधी आमच्या पेठेतल्या लोकांकडे वळले.

"तोंडं का मिटली? छापलीय ना समोर?"

मग कॅथलिकांकडे. "आणि तुम्ही का थांबलात? बरोबर म्हणत होता."

पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते.

"ओळ अशी अर्धी सोडायची नसते," पप्पा म्हणाले. "परत म्हणा. सगळ्यांनी. माझ्या मागून."

आणि त्यांनी सुरुवात केली. त्यांचा आवाज आता चिरका झाला आहे, पण शब्द टोकदार निघतात. सगळं चर्च त्यांच्या मागून निघालं. एकही आवाज मागे राहिला नाही, एकही पुढे पळाला नाही. ओळ पूर्ण झाली आणि सगळ्यांनी मिळून आमेन म्हटलं, तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या असं मी छातीवर हात ठेवून सांगते.

मग पप्पांनी आजूबाजूला बघितलं. वर छताकडे, पुढे वेदीकडे, मागे दाराकडे. आपण कुठे उभे आहोत हे तेव्हा त्यांना कळलं. सगळं चर्च त्यांच्याकडे बघत होतं. दार जेवढं लांब होतं तेवढ्याच अंतरावर आमचा बाक होता. मी सरकलेही नाही. मला भीती वाटली, मी हलले तर ते निघून जातील. मनात म्हणत होते, बसा, पप्पा, एकदाच बसा.

ते काठी टेकत आमच्या बाकापाशी आले.

"सरक," ते मला म्हणाले.

मी सरकले. ते बसले, मफलर नीट केला आणि समोर बघू लागले. माझे डोळे वाहत होते आणि ते मी पुसले नाहीत. माझ्या शेजारचा बाक भरला होता. लेकीने माझ्या मांडीवरून हात पलीकडे टाकला आणि आजोबांची बाही धरून ठेवली, सगळी उपासना संपेपर्यंत.

चहाच्या वेळी फादर लगबगीने पप्पांकडे आले. म्हणाले, "आपण आत आलात, मला फार आनंद झाला."

"मी दुरुस्तीला आलो होतो," पप्पा म्हणाले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला. "पण तुमची ओळ जागच्या जागी होती. चूक आमच्याकडची. ते मी मान्य करतो."

हे वाक्य त्यांनी मुद्दाम पाळकसाहेबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं. पाळकसाहेबांनी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते तिथेच पडलं.

घरी आम्ही आमच्या गाडीने निघालो. नवरा चालवत होता, पप्पा त्याच्या शेजारी, आम्ही दोघी मागे. कॅम्पातून स्वारगेटपर्यंत मी लेकीला कोपराने खुणावत होते की आज काही विचारू नकोस. पण ती माझीच मुलगी.

"आजोबा, मग एप्रिलमध्ये?"

पप्पा काचेतून बाहेर बघत होते. समोर लाल सिग्नल होता, एसटीच्या गाड्या आडव्या जात होत्या. मला वाटलं, आता फुटपाथची हद्द येणार.

"तुझ्या आईच्या लग्नात बाहेर स्पीकर नव्हता," ते म्हणाले. "तिने हो म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. कान देऊन बसलो होतो. नुसती घंटा ऐकू आली, तेव्हा कळलं की झालं."

मग मान वळवून ते मागे तिच्याकडे बघू लागले.

"तुझं मला ऐकायचंय."

माझ्या नवऱ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सिग्नल हिरवा झाला तरी त्याने गाडी काढली नाही, आणि मागे सगळं स्वारगेट आमच्या नावाने हॉर्न वाजवत होतं.